ॲडमिट आणि ॲडमिशन

आमच्या साडूंइतका शब्द जपून वापरणारा माणूस घनसावंगी तालुक्यात दुसरा झाला नाही. हे वाक्य मी फार आधी लिहायला हवं होतं. टाळत आलो, कारण ते लिहिलं की पुढचंही लिहावं लागणार होतं.

शाळा त्यांची सातवीपर्यंत, पुढं कापूस आणि ऊस. पण बोलण्यात आलेला प्रत्येक इंग्रजी शब्द ते बैल पारखावा तसा पारखून घ्यायचे. लाईट जाते आणि करंट बसतो, यात अदलाबदल झालेली त्यांना खपत नसे. एकदा खांबावरून उतरलेला वायरमन सहज म्हणाला की करंट गेलाय. साडूंनी त्याला तिथंच अडवलं. "करंट कुठं जात असतो का? तो बसतो. जाती ती लाईट. मंग तुम्ही वर चढून काय करून राह्यले व्हते?" तेव्हापासून तो वायरमन शिडी लावण्याआधी साडू घरी आहेत का ते विचारायचा.

त्यांची सगळ्यात लाडकी जोडी ॲडमिट आणि ॲडमिशन. "ॲडमिट म्हणलं की दवाखाना, ॲडमिशन म्हणलं की शाळा. एकाकडं नारळपाणी घेऊन जायचं, दुसऱ्याकडं पेढे मागायचे. गल्लत केली तर मार खाल." लोक मुद्दाम शब्द काढून विचारायचे आणि ते खुलायचे.

मुलीला जालन्याच्या कॉलेजात घेतलं, त्या दिवशी त्यांनी माझ्या बियाण्यांच्या दुकानात फोन केला. कुंभार पिंपळगावचा बाजार होता, काउंटरला गर्दी. "साडूभाऊ, पोरीचं ॲडमिशन झालं, घरी सांगा," एवढंच ते म्हणाले. मी बराबर ऐकलं होतं. पण पिशवी बांधता बांधता समोर उभ्या असलेल्या त्यांच्या थोरल्या भावाला सांगितलं, की पोरगी जालन्याला ॲडमिट झाली. आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलो.

तासाभरात जीप भरली. भाकरी, नारळ, चादरी, रडणाऱ्या दोन आत्या. जालन्यात मस्तगड भागातले दवाखाने पालथे घातले, आणि शेवटी पोरगी सापडली ती एका दुकानात वह्या घेताना. शेजारी बाप, हातात पेढ्यांचा पुडा. मोठ्या आत्यानं तिला आधी पोटाशी धरलं आणि मग एक धपाटा घातला.

संध्याकाळी सगळी भावकी माझ्या दुकानापुढं. ॲडमिट कोण म्हणलं, असा जाब. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं तेच मी सांगितलं." साडू समोरच उभे होते. माझ्याकडं बघत राहिले. चारचौघांत माझ्यासारख्या थोरल्या साडूला खोटं पाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"असंल," ते म्हणाले. "गडबडीत गेलं असंल तोंडून."

गाव पोट धरून हसलं. ज्यांनी आयुष्यभर हा फरक सांगितला, त्यांनाच लोक 'ॲडमिट काका' म्हणू लागले. कुणी शब्द विचारेना, मग तेही सांगेनासे झाले. समोर कुणी करंट गेला म्हणालं तरी गप्प. मुलगी एकदा बापाची बाजू घेऊन म्हणाली, की इंग्रजीत कॉलेजालाही ॲडमिटच म्हणतात, त्यात चूक कसली? मला सुटल्यासारखं वाटलं. साडूंनी मान हलवली. "इंग्रजीत असंल. आपल्याकडं न्हाई." तेवढ्यापुरते ते पहिल्यासारखे दिसले.

त्यांच्या शेवटच्या दिवाळीला मी जालन्याला त्यांच्या मुलीकडं गेलो; साडू तेव्हा तिच्याकडंच राहायचे. वाक्य बसमध्ये घोकून ठेवलं होतं: तो शब्द माझा होता, तुमचा नव्हता. त्यांना ऐकू कमी येत होतं. मी कानाशी वाकून म्हणालो.

"मोठ्यानं म्हणा, साडूभाऊ."

मुलगी, जावई, शेजारचे दोघं, सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"चहा चांगला झालाय," मी मोठ्यानं म्हणालो.

ते हसले, आणि मुलीला मला अजून अर्धा कप द्यायला सांगितलं.