पाय राहिलेला पक्षी

ह्यांचा हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी गच्चीवर निळी चादर वाळत घालत होते. "सुजू गेली," एवढंच म्हणाले. मी चादरीला चिमटे लावले, सगळे लावले, आणि मग खाली बसले...

सुजाता माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन वाशीमहून लखनौला आले तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. निशातगंजच्या आमच्या घरातली मागची खोली पुढे तिची झाली. तिथे बसून ती मुलांच्या परीकथांसाठी राक्षस, जलपऱ्या, तीन शेपट्यांचे घोडे काढायची. मी चौथी शिकलेली, भाजीवाला दारात आला तरी पदर सावरत आत जाणारी. पण सुजूला जनावर चालताना बघितल्याशिवाय काढता येत नसे. म्हणून दुपारी दार लावून ती निळी चादर माझ्या अंगावर टाकायची. "चलो वहिनी, आता तू म्हातारी राक्षसीण. गुडघे दुखतायत." मी चालायचे. "अगं, ही तर सब्जी आणायला निघाली! थोडा गुस्सा कर ना, यार." चादरीत तोंड दिसत नाही, त्यामुळे मला लाज वाटत नसे. मी गुरगुरायचेसुद्धा. तिनं "हो गया, निकलो" म्हटल्याशिवाय बाहेर यायचं नाही, असा नियम होता. तिची सगळी जनावरं माझ्यासारखीच जरा डावीकडे कलून चालतात. हे आम्हा दोघींनाच माहीत होतं.

शेवटी तिनं एक मोठा पक्षी काढायला घेतला होता. हरवलेल्या मुलांना तो पाठीवरून घरी पोचवतो, पंख असूनही चालत. "उडत का नाही गं?" मी विचारलं. "वर मुलं घाबरतात ना, वहिनी." चोच झाली, पंख झाले, आणि ती आजारी पडली.

वॉर्डात एक दिवस म्हणाली, "वहिनी, चलके दिखाओ ना. पाय राहिलेत." सगळ्या खाटांवरची माणसं बघत होती. घरून नेलेली निळी चादर तिच्या पायांवर होती. तीच ओढून घेतली आणि खाटांच्या मधून चालले. पलीकडची बाई हसली. सुजूही हसली. पण पेन्सिल तिच्या बोटांत ठरेना. "कल करेंगे," म्हणाली. संध्याकाळी चादर धुवायला मी घरी घेऊन आले.

सुजूच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर तिची पुस्तकं छापणाऱ्या गोमती नगरच्या ऑफिसातून एक जण आला, तिचे कागद घेऊन गेला. माणूस भला होता. पाय राहिलेत, असं मी दाराआडून सांगितलं. "कोई बात नहीं भाभीजी, उसे उड़ा देंगे. पंख तो हैं ही." तो चालतो, मी म्हटलं. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला. "जाऊ दे आता," हे म्हणाले. तो बूट घालत होता.

काल दुपारी मागच्या खोलीचं दार लावलं आणि चादर अंगावर घेतली. तिला आता नुसता साबणाचा वास येतो. हळूहळू चालले, पाठीवर मुलं असल्यासारखी. भिंतीपर्यंत गेले, परत आले, तिच्या टेबलापाशी थांबले... "हो गया" कुणी म्हणेना. मग पुन्हा भिंतीकडे निघाले.