घोड्याची थाप

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पुरावेकाका म्हणत. उभी हयात त्यांनी गावोगाव हिंडून म्हणी आणि वाक्प्रचार गोळा केले. एखाद्याचं मूळ सापडलं नाही, की 'उगम अज्ञात' असं लिहून मोकळे व्हायचे. साहेब चिडत, पण काका ढिम्म. घरी बायको म्हणाली, आज पाऊस येणार, तरी हे विचारणार, "पुरावा?" ती बिचारी कपाळाला हात लावायची.

निवृत्तीनंतर एका वाहिनीने त्यांना सकाळच्या कार्यक्रमात बोलावलं. गालांना पावडर फासून झगझगीत दिव्यांखाली बसवलं. मुलाखत घेणारा तरुण हसरा होता, पण त्याच्या कानात कुणीतरी सारखं बोलत होतं आणि त्याचं सगळं लक्ष तिकडेच. प्रश्न तोच विचारी, उत्तरही तोच देऊन टाकी.

"म्हणी म्हणजे आपला ठेवा, खरं ना काका?"

"हो, पण त्यात एक..."

"अगदी बरोबर बोललात!"

काका आपले नंदीबैलासारखे मान हलवत होते. मग तो म्हणाला, "शेवटचा प्रश्न. 'मी तुझं काय घोडं मारलंय', हे आलं कुठून? पटकन सांगा हं."

"माहीत नाही. कुठे नोंद मिळत नाही."

"असं कसं? आयुष्य घातलंत ना यात? लोक वाट बघतायत काका, काहीतरी असेलच की!"

काकांना घाम फुटला. घरी बायको शेजारपाजार गोळा करून टीव्हीसमोर बसली असणार, हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांच्या तोंडून गोष्ट निघाली. कुणा एका निरोप्याचं घोडं कुणीतरी चुकून मारलं, निरोप वेळेवर पोचला नाही, लढाई हातची गेली. शुद्ध लोणकढी थाप! पण तो पोरगा पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होता, म्हणून काकांनी तिला आणखी मीठमसाला लावला.

घरी आल्यावर कौतुकाचा नुसता पूर आला. वाणीसुद्धा "या, घोडेवाले काका!" म्हणाला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दुकानाच्या रस्त्याने जायचेच बंद झाले. वाहिनीला फोन करून चूक कळवली, तर तिकडची मुलगी म्हणाली, "कार्यक्रम फार आवडला हो लोकांना! पुन्हा बोलावू."

आणि आठवड्याभरात कचेरीतली एक मुलगी घरी आली. काकांच्या हाताखाली शिकलेली, आता शब्दकोशाच्या नव्या आवृत्तीचं काम बघणारी. तिने पिशवीतून छापायला जायचं पान काढलं.

"काका, 'घोडं मारलंय'पुढचं ते 'उगम अज्ञात' गेलं एकदाचं! साहेब म्हणाले, लेखी आधार कुठाय? मी म्हटलं, काका बोलले म्हणजे तोच आधार."

घोड्याची गोष्ट तिथे होती आणि खाली काकांचं नाव. बायको चहा घेऊन दारातच थबकली. काका गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता.

"काढून टाक ते," काका म्हणाले. "थाप आहे. मी तिथल्या तिथे रचली."

"तुम्ही?"

"माहीत नाही म्हणायची लाज वाटली गं. सगळं जग बघत होतं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पेन्सिल काढून त्या ओळींवर काट मारली आणि चहा अर्धाच पिऊन कप खाली ठेवला.

"काका, जुन्या आवृत्तीत तुम्ही गावोगावी ऐकून आणलेल्या बऱ्याच नोंदी आहेत. त्यांना दुसरा आधार नाही. त्या... ठीक आहेत ना?"

त्या खऱ्या होत्या, एकूण एक. उन्हातान्हात पायपीट करून, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलून आणलेल्या. काकांनी बायकोकडे पाहिलं. तिने नजर चुकवली.

"हो," ते म्हणाले. "सगळ्या खऱ्या आहेत."

"हो ना, असणारच," ती म्हणाली आणि पिशवी आवरू लागली. "तरी मी एकदा तपासून घेते."