कोल्ह्याचा टिळा

आमच्या घरात उंदीर निघाला की माझा नवरा पलंगावर चढतो. पिंजरा मी लावते, सकाळी तो उचलून नाल्यापाशी मीच रिकामा करून येते, आणि हा खिडकीतून विचारतो, "गेला का?" असा हा माणूस शिकारी व्हायला निघाला तेव्हा मला आधी हसूच आलं. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

सुरुवात झाली एका भैयापासून. शहराच्या टोकाला, भनपुरीत त्यांचे ट्रक चालतात. तिथून पुढे त्यांचं शेत आहे, शेतात कोंबड्या, आणि कोंबड्या राखायच्या नावाखाली पाळलेले शिकारी कुत्रे. लांब तोंडाचे, सडपातळ, पोट पाठीला लागलेले. काही कामानं ते नवऱ्याच्या ऑफिसात आले, ओळख झाली, आणि हा दर रविवारी तिकडे जाऊ लागला. मग जाड बूट आले, जंगलाच्या रंगाची पँट आली, गळ्यात शिट्टी आली. ती शिट्टी अडकवून हा माझ्यासोबत सदर बाजारात साडी घ्यायला आला होता. दुकानदार मला साड्या दाखवत होता आणि डोळे याच्या शिट्टीवर. जेवताना मोबाइल वरणाच्या वाटीला टेकवून कुठल्या कुठल्या देशांतल्या शिकारी बघायच्या. "पाह्य, पाह्य, कसा धरला मानेले," म्हणायचा. मी ताट उचलून स्वयंपाकघरात जायची.

मग भैयांनी त्याला एक पिल्लू दिलं, मादी. बोली अशी होती की ती मोठी झाली की शेतावर न्यायची, कोल्ह्यावर सोडून बघायची, आणि चांगली निघाली तर ती तिथंच राहणार. याने चारचौघांत 'माझी कुत्री' म्हणून मिरवायचं. ही बोली त्यानं मला सांगितली. आपल्या आईला मात्र सांगितली नाही.

सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हे काय आणलं बाप्पा? नुसता हाडाचा सापळा." दुसऱ्या दिवशी दुधात पोळी कुस्करून त्या तिच्यापुढे बसल्या होत्या. सासरे रेल्वेत होते. ते गेल्यापासून सासूबाईंचं बोलणं कमी कमी होत गेलं होतं. आमच्या मुलीला मराठी समजते, पण या हिंदी मुलखात वाढल्यामुळे ती आजीला उत्तर हिंदीत देते. त्यामुळे सासूबाईंचं मन लावून ऐकून घेणारं घरात कोणी असेल तर ही कुत्री. तिचं नाव त्यांनी ठेवलंच नाही. पोट्टी म्हणायच्या, म्हणजे पोरगी. "पोट्टी, ऊन झालं, आत ये." पोट्टी आत यायची आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवून बसायची.

चैत्राच्या नवरात्रातला रविवार होता. हा बूट चढवत होता तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "येता येता पुरानी बस्तीतल्या देवीले जाऊन ये. कुंकू आण थोडं. मले काही आता रांगेत उभं राहणं होत नाही." हा म्हणाला, "हव." आणि पोट्टीच्या गळ्यात साखळी अडकवली. "इले कुठं नेऊन राहिला?" त्यांनी विचारलं, तर म्हणे, "मोकळ्यात पळू दे जराशी." मी चप्पल घातली आणि गाडीत जाऊन बसले. कुत्रीला परत आणायचं तर कोणीतरी सोबत हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शिकार म्हणजे रानात फिरणं, माग काढणं, पळापळ, असं काहीतरी माझ्या मनात होतं. तसं काही नव्हतं. कुंपणाच्या आत, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, एक पोतं पडलेलं होतं आणि ते हलत होतं. भैयांच्या माणसानं ते उलटं केलं. आतून कोल्हा निघाला. सापळ्यात सापडलेला, एक पाय ओढत चालणारा. त्याचं तोंड तारेनं आवळून बांधलेलं होतं. तार कातडीत रुतली होती आणि तिथं माश्या बसल्या होत्या.

मी विचारलं, तोंड कशाला बांधलंय?

भैया अगदी शांतपणे समजावून सांगू लागले, जसं कोणी लोणच्याची कृती सांगावी. "भाभीजी, नए कुत्ते को पहली बार में काट लिया, तो डर बैठ जाता है. फिर वो किसी काम का नहीं. इसलिए पहला वाला बाँध के देते हैं."

म्हणजे हे यांचं शौर्य. ज्याला चावता येत नाही, धड पळता येत नाही, त्याच्यावर कुत्रे सोडायचे आणि त्याला शिकार म्हणायचं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो मोबाइल काढून उभा होता.

पोट्टीला सोडलं. ती कोल्ह्यापुढे गेली, पुढचे पाय पसरून शेपटी हलवू लागली. आमच्या अंगणात ती मुलीपुढे अशीच करते, चेंडू टाक म्हणून. माणसं हसली. माझा नवरा हसला नाही. त्याला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. "पकड! पकड!" तो ओरडला. मग भैयांनी जुने दोन कुत्रे सोडले आणि त्यांचं बघून पोट्टी शिकली. फार वेळ लागला नाही. कोल्ह्याला ओरडताही आलं नाही, नुसती नाकातून हवा निघत होती. त्या आवाजाचं मी काय करू ते मला अजून कळत नाही.

नंतर भैयांनी खिशातून कुंकवाची डबी काढली, त्यात रक्त कालवलं, आणि त्या लगद्याचा टिळा माझ्या नवऱ्याच्या कपाळावर लावला. "नवरात्रि की पहली शिकार है, शुभ है. घर पहुँचने तक पोंछना नहीं." हा मान खाली घालून टिळा लावून घेत होता, लग्नात घेतला होता तसा.

गाडीत मी म्हटलं, "गुन्हा आहे हा. सरकारी नोकरी करता ना तुम्ही?"

"कोण पाहून राहिलं?" तो म्हणाला. मग खुशीत, "पास झाली ती. पुढच्या रविवारी सोडून या म्हणून राहिले भैया."

पोट्टी मागच्या सीटवर बसून पंजे चाटत होती. देवीच्या देवळाचा रस्ता मागे गेला, आणि आम्हा दोघांनाही कुंकवाची आठवण झाली नाही.

घरी आल्याबरोबर मी तिला मागच्या नळावर नेलं. जबड्याची लव रक्तानं चिकटली होती, ती चोळून चोळून धुतली. आत आले तर सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर लाल टिळा होता.

सासरे गेल्यापासून त्यांच्या कपाळाला मी कधी लाल रंग बघितला नव्हता. माझ्याकडे बघून जराशा लाजल्या. "पुडी आणाले विसरला तो. म्हटलं, तुह्या कपायावरचंच लावून दे मले. देवीचं आहे, देवीच्याले काय होते?"

नवरा पाठ फिरवून बुटाचे बंद सोडत होता. आईनं कपाळ पुढे केलं होतं, आणि यानं आपल्या कपाळावरचं अंगठ्यानं काढून तिथं लावलं होतं. नाही म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता.

तेवढ्यात पोट्टी नेहमीसारखी त्यांच्या मांडीशी गेली. हनुवटी टेकवली, आणि एकदम मान वर केली. कान ताठ झाले. पुढचे पाय मांडीवर रोवून ती त्यांच्या कपाळाशी नाक नेऊन हुंगू लागली, कण्हू लागली, आणि टिळा चाटू लागली. सकाळी कुंपणात तिचं अंग असंच ताणलेलं मी पाहिलं होतं.

"अवं, काहून करून राहिली अशी?" सासूबाई हसत तिला ढकलत होत्या.

"आई," मी म्हटलं, "ते देवीचं नाही." आणि सगळं सांगितलं. पोतं, तार, डबी, पुढचा रविवार, सगळं.

त्यांनी बोट कपाळाला लावलं, नाकाशी नेलं. उठल्या, मोरीत गेल्या. किती तरी वेळ पाणी वाजत राहिलं. परत आल्या तेव्हा कपाळ घासून घासून सोललं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, ने ही कुत्री माझ्या नजरेसमोरून. त्यांनी खाली बसून पोट्टीच्या गळ्यातली साखळी काढली.

"हे मुकं जनावर आहे. दाखवलं ते शिकलं," त्या मुलाला म्हणाल्या. "तुले तर म्या शिकवलं होतं ना रे?"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो नाही, तर पोट्टीला न्यायला भैयांची गाडीच फाटकाशी आली आणि तशीच परत गेली. सासूबाई कुलूप काढायलाही उठल्या नाहीत. नवऱ्याची शिट्टी, पँट, बूट मी भंगारवाल्याला देऊन टाकले. पोट्टी अजून सासूबाईंच्या मांडीवर हनुवटी टेकवते, पण अंगणात मांजर आली की तिचा जो चेहरा होतो तो पूर्वी नव्हता.

आता नवरा खरोखरच देवीला जातो, रांगेत उभा राहतो, कागदाच्या पुडीत कुंकू आणून आईपुढे धरतो. त्या पुडी घेतात, उघडतात, नाकाशी नेऊन हुंगतात. मग पुन्हा बांधून, न लावता, देवघरात ठेवून देतात.