जावयाच्या मापाची स्की

"काय गाववाले, जावयाला आखूड देता?" परब साहेबांनी मी दिलेली स्कीची जोडी काउंटरवरून परत माझ्याकडे सरकवली. "ती मागची लांब काढा. भाडं तेवढंच ना?"

दुबईत मॉलच्या आतला बर्फाचा उतार तेव्हा नवा होता. आधी मी देऱ्याला, दुबईच्या जुन्या बाजारभागात, बुटांच्या दुकानात होतो, म्हणून इथे भाड्याच्या स्की मापाने द्यायचं काम मिळालं. परब मालवणकडचे, एसी कंपनीत फोरमन. जावई समीर जहाजावर नोकरीला. रविवारी मेडिकल, मग जॉइनिंग. मेडिकलमध्ये अडकला तर जहाज दुसऱ्याला मिळणार.

स्की उभी धरली की शिकाऊ माणसाच्या हनुवटीपर्यंत यावी. आखूड स्की सहज वळते. लांब पळते जोरात, वळते उशिरा. पाय अडकून पिरगळला तर आधी जातो गुडघा. समीर उंच, पण बर्फ पहिल्यांदाच बघत होता.

मी हे सगळं सांगितलं. परब हसले.

"उद्या गावात सांगतील, सासऱ्याने पोरांची स्की दिली. समीरराव, तुम्ही बोला."

"बाबा म्हणतील तसं," समीर म्हणाला. माझ्याकडे मात्र असा बघत होता की मीच काहीतरी करावं.

मागून सुपरवायझर ओरडला, "यल्ला! मूव्ह द लाइन!"

मी लांब जोडी काढली आणि काउंटरबाहेर रबर मॅटवर ठेवली. "साहेब, मोठे तुम्ही. आधी तुम्ही चढून बघा. नुसतं वळून दाखवा."

परब ऐटीत चढले. एक पाय फिरवला, दुसरा त्याच्यावर चढला, स्कीची कात्री झाली. समीरने काखेत हात घालून धरलं म्हणून नुसते बाकावर आपटले. रांगेतली माणसं हसली. समीर हसला नाही.

"आखूडच द्या," परब खाली बघत म्हणाले.

तासाभराने दोघे परत आले. समीर चारदा पडला होता, दोन्ही गुडघे शाबूत. "थँक यू, काका," तो हळूच म्हणाला. परबांनी स्की काउंटरवर ठेवल्या आणि ते सरळ बाहेर पडले.

ते पडणार हे मला मॅटवर स्की ठेवतानाच माहीत होतं. बाजूला घेऊन दोन मिनिटं बोललो असतो तरी त्यांनी ऐकलं असतं. पण रांग होती, सुपरवायझर होता, आणि मला पटकन जिंकायचं होतं. जावयाचा गुडघा वाचवला तो सासऱ्याला त्याच्यासमोर पाडून. ते अजून खुपतं.

तेव्हापासून कुटुंब आलं की सगळ्यांत मोठ्या माणसाला आधी काउंटरच्या टोकाला बोलावतो आणि माप हळू आवाजात सांगतो. रांग थांबते. सुपरवायझर ओरडतो. ओरडू दे.