रक्तावरची साय

माझी आय गेली तेव्हा मी सातवीत होते, पुढं शाळा नाय झाली. आयचं तोंड सकाळी सुजलेलं असायचं, डोळे बारीक, मग दुपारनंतर सूज पायात उतरायची. मी तिच्या नडगीवर बोट दाबायचे, खड्डा पडायचा, तो भरून येईस्तोवर बघत बसायचे. मला खेळ वाटायचा. तीपण हसायची. भगत म्हणाला बाहेरचं लागलंय. रक्त कुणी काढून तपासलं नाय.

बाळ झाल्यावर माझं तोंड तसंच सुजायला लागलं. सासू म्हणाली, बाळंतीण भरली, चांगलं हाय. पण हंडा घेऊन चढ चढताना मला दम लागायचा, मधेच खाली बसावं लागायचं, आणि लघवीला फेस यायचा, साबण कालवल्यासारखा. ते मी कुणाला सांगितलं नाय.

मग एकदा चुलीपाशीच श्वास पुरेना, तेव्हा सासूनं मला आमच्या पोशेऱ्याहून जीपनं जव्हारला दवाखान्यात नेलं. सात-आठ महिन्यांचं बाळ मांडीवर. तपासायला रक्त दिलं, लघवी दिली, बाकावर बसलो. बऱ्याच वेळानं रक्त काढणाऱ्या बाईनं नळी उजेडात धरली आणि दुसरीला दाखवली. मीपण बघितलं. खाली लाल, वर पांढरं, दाट, साय धरल्यासारखं.

सासू माझ्या कानाशी आली. "दूध हाय ते. पोराला पोटभर पाजत नाय तू. राहिलेलं रक्तात चढलं."

आमच्याकडं बाया म्हणतातच तसं, न पाजलेलं दूध अंगात चढतं. मलापण तेच खरं असावं असं वाटलं. दूध असलं तर पाजून उतरेल ना. मी तिथंच पदर घेतला, बाळाला लावलं. त्याला भूक नव्हती, तो तोंड फिरवायचा, सासू त्याचं डोकं धरून परत लावायची.

तेवढ्यात डॉक्टरीण बाई आली, नळी बघून म्हणाली, "आजी, दूध नाही ते. चरबी आहे."

"चरबी?" सासू म्हणाली. "हिला चिमटा घ्यायला जागा नाय. कालवणाला तेल आम्ही नुसतं दाखवतो, आणि हिला चरबी?"

बाई जरा हसली. "खाण्यानं नाही झालं. हिची किडनी गळतेय. रक्तातलं चांगलं ते लघवीतून जातं, म्हणून फेस येतो. ते भरून काढायला लिवर जोर लावतं, त्यात चरबीपण जास्त बनते. ती रक्तात साचली की काळजाच्या नळ्या बंद होतात."

फेसाचं हिला कुणी सांगितलं?

"आयला असंच होतं," मी म्हटलं. "बाळाला होईल का?"

"आत्ता नक्की सांगता येत नाही. आधी तू जगायला पाहिजेस." किडनीच्या गोळ्या दिल्या, चरबीची एक वेगळी दिली. "ही घेतेस तोवर अंगावर पाजायचं नाही. त्याला पेज, वरण चालू कर."

जीपमधे सासू पुटपुटत होती. "ती चरबीची नको घेऊ. पाज त्याला. उतरेल."

सासूला मी आत्या म्हणते. म्हटलं, "आत्या, माझ्या आयला कुणी गोळीच दिली नव्हती."

उतरताना तिनं बाळ माझ्याकडनं घेतलं. "घे मग गोळी. मी बघते याला."

आता तो ब्लाऊज ओढून रडतो, तर सासू त्याला मागच्या अंगणात नेते. तिकडनं त्याचा आवाज आला की माझं दूध येतं, लुगडं भिजतं. मी भाताची पेज निववते. निवताना तिच्यावर पांढरा पापुद्रा धरतो, तो मला बघवत नाय, बोटानं काढून टाकते, मगच वाटी देते.

सूज थोडी उतरली. दम अजून लागतो. परत रक्त द्यायला जायचंय, नळी वर धरली की मी बघणार नाय असं ठरवलंय.

बाळाला आंघोळ घालताना मी त्याच्या नडगीवर बोट दाबते. खड्डा पडत नाय. तो हसतो, त्याला खेळ वाटतो.

"काय करते गं?" सासू विचारते.

"काय नाय, आत्या," म्हणते आणि दुसरा पाय धरते.