मालेगावची माय अगत्तीच्या होडीत

दोन वर्षांपूर्वी माझ्या मायचा बाजार मीच बंद केला. गुडघे सुजलेले असतानाही ती मिरच्यांचं टोपलं घेऊन येष्टीनं अकोल्याकडच्या मालेगावच्या बाजारात जायची. एक दिवस रागाच्या भरात मी ते टोपलं माळ्यावर टाकलं. तेव्हापासून घरात भांडण नव्हतं, पण गोडीही नव्हती. तिचं मन रमावं म्हणून यंदा लक्षद्वीपचं जहाज ठरवलं, तर निघता निघता तिनं अटच घातली.

"बेटावर माह्या पायानं उतरली, तं माहा बाजार सुरू. कबूल?"

"आधी उतर तर!" मी म्हटलं.

मालेगावहून पातूरमार्गे अकोला, तिथून रेल्वेनं मुंबई. जाणार असाल तर ऐका, जहाजात बिनखिडकीची खोली घ्या. स्वस्त पडते, आणि खोलीत बसतं कोण? बेटाच्या परवानगीचे कागद आमच्या जहाजवाल्यांनीच केले. मळमळीच्या गोळ्या मात्र सोबत ठेवा. मी तर त्या खाऊनही आडवी झाले, आणि माय वरच्या मजल्यावर सांबारात घरचा ठेचा कालवून भात हाणत होती! दुसऱ्या दिवशी चहूकडे नुसता समुद्र. ती कठड्याला टेकून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"एवढं पानी, अन् एक वाफा भिजवाच्या कामाचं नाई," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती दिसलं. अहाहा! आधी गडद निळं पाणी, मग पोपटी, आणि काठाशी इतकं नितळ की तळाची वाळू दिसावी. डोळे निवले. पण जहाज काठाला लागत नाही. ते दूर थांबतं आणि खालच्या दारातून छोट्या होडीत उतरावं लागतं. होडी लाटांवर वर-खाली होत होती. खलाशी मायचं चालणं पाहून म्हणाला, "अम्मा, आप ऊपर ही रहो ना." खरं सांगते, माझ्याही ओठांवर तेच होतं.

"काहून?" मायनं पदर खोचला. होडी दोनदा वर आली, दोनदा खाली गेली. तिनं नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा वर आली तसा खलाशाचा हात धरून टाकला पाय, आणि बसलीसुद्धा! मी दारातच देवाचं नाव घेत उभी.

"ये ना वं! येष्टी थांबाची वाट पाहाली अस्ती, तं माह्या मिरच्या कवाच सडल्या अस्त्या."

बेटावर पांढरी वाळू आणि जिकडेतिकडे माड. वाटेत नारळ पडलेले. माय एकही ओलांडेना. "देवाले वाहतो आपन, अन् हे पायदळी!" असं म्हणत वाकून एकेक बाजूला ठेवत चालली. शहाळं विकणारी एक बाई हसून हसून बेजार झाली. भाजी इथं बहुतेक जहाजानंच येते, असं तिनं मोडक्या हिंदीत सांगितलं. माय चाटच पडली.

"मंग या लोकायले मिरची कोन आनून राह्यलं?"

दुपारी ती लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात बसली आणि पोरीसारखी हसली. तिला असं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि आनंदही झाला.

आता घरी आलोय. तिचे गुडघे दुखतातच, खोटं कशाला सांगू? ते पोपटी पाणी माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी माय माळ्याखाली येऊन उभी राहिली. मीच स्टुलावर चढले आणि टोपलं काढलं. स्टूल डुगडुगलं.

"जपून उतर वं," माय खालून म्हणाली, "पडशीन!"