मामा वाट चुकतो

आमच्या घरी स्वयंपाकाला एक बाई येत. माहेर-सासर दोन्हीकडून तलावात मासे धरणारी माणसं. माझे वडील मूल गावच्या राइस मिलमध्ये मॅनेजर होते आणि मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून नुकतीच घरी आले होते. मराठीत कथा लिहायची असं मनात होतं, पण वाक्य आधी इंग्रजीत सुचायचं आणि मराठीत आलं की लंगडायचं. म्हणून मी बाईंच्या मागे लागले, गोष्टी सांगा.

"दिवसा गोष्ट नाई सांगत, ताई. मामा वाट चुकते."

हे आमच्या भागात सगळेच म्हणत. पण दिवेलागणीला त्या घरी जात, त्यामुळे माझ्या वाट्याला दुपारच होती.

"मला मामाच नाही," मी म्हटलं. "मग चुकणार कोण?"

"एवढं शिकल्या आन मामा नाई कमावला?" त्या हसल्या. जवळच त्यांची मुलगी तांदूळ निवडत बसली होती. तीही हसली. तिचं लग्न ठरलेलं होतं.

शेवटी त्यांनी सांगायला घेतली. तलावाच्या तळाशी लग्न करून दिलेल्या एका मुलीची गोष्ट. मी टक लावून ऐकत होते तर मध्येच थांबल्या. "हं म्हणा ना, ताई. भिंतीले सांगून राह्यली का मी?" मग मी हं म्हणू लागले. मुलगीही म्हणू लागली. गोष्ट अर्धी झाली आणि चूल पेटवायची वेळ झाली. उरलेली उद्या, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. त्यांचा भाऊ गडचिरोलीकडच्या जंगलात बांबू तोडायला गेला होता आणि लग्नाआधी परतणार होता. बरोबरची माणसं परतली, तो नाही. वाटेत मागे पडला, मागून येईल म्हणून ती चालत राहिली, एवढंच ती सांगत होती.

मला मामा नव्हता. तांदूळ निवडणाऱ्या मुलीला होता, आणि हं तिनंही म्हटलं होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाई पुन्हा कामावर आल्या आणि नेहमीसारख्या चुलीपुढे बसल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मुलगीच म्हणाली, सूप झटकत, माझ्याकडे न बघता, "ताईले मामा नाई. मले तं होता."

"होता काऊन म्हणतं वं? हाये म्हण!" बाई ओरडल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नवरीच्या मागं मामा उभा लागते. येते तो."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये तो टिकूच देत नसत. तरी मी ताटावरून अर्धवट उठत होते. आणि त्याच दिवसांत, माडीवरच्या खोलीत बसून, मी कथा लिहीत होते. भाऊ जंगलात मागे राहतो, बहीण लग्नाचे तांदूळ निवडत त्याची वाट बघते. पहिल्यांदाच वाक्यं थेट मराठीत येत होती. बाई चुलीपुढे बसल्या बसल्या दाराकडे कशा बघतात, हे मी खाली जाऊन बघून येई आणि वर जाऊन लिही. पाणी प्यायचं निमित्त करून जाई. शेवटी माणसांना नाल्याकाठी त्याचं पागोटं सापडतं, तो सापडत नाही. वाघाचं नाव मी कुठंच घेतलं नाही. ते न घेणं मला फार आवडलं होतं.

शेवट लिहून झाला त्यानंतर बाईंचा भाऊ आला. ताप चढून वाटेत पडला होता. एका गोंडाच्या घरी त्याला ठेवून घेतलं, उतार पडल्यावर बैलगाडीत घालून आणलं. बाई आमच्या अंगणातून धावतच गेल्या, हाताला पीठ तसंच. मी खिडकीत उभी होते. माझ्या मनात आधी आलं, माझा शेवट गेला. आनंद झाला, पण तो त्याच्यानंतर. हा क्रम मला अजून बदलता आलेला नाही.

लग्नात मामा नवरीच्या मागे उभा होता, गालफडं बसलेली, काठी टेकून.

त्यानंतर एका संध्याकाळी बाई घरी न जाता थांबल्या. न्यायला आलेला भाऊ ओसरीच्या पायरीवर बसला होता. "दिवा लागला, ताई. आता तुमी सांगा," त्या म्हणाल्या. "लिवत होत्या ना? मी का आंधळी हाओ?"

कागद आणावेच लागले. मी ते मांडीवर धरले आणि सांगू लागले. बाई हं म्हणत होत्या, पायरीवरून भाऊही हं म्हणत होता. त्या हुंकारावर गोष्ट आपोआप पुढे सरकत होती. नाल्यापाशी आले तेव्हा पागोट्याचं वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी म्हणाले, तो नाल्यावर पाणी प्याला, उठला, आणि घरी आला.

"मंग जेवला का?" भावानं विचारलं.

"जेवला."

"काय?"

"भात. आणि मरळ माशाचा रस्सा."

"तिखट?"

"खूप."

"हं," तो म्हणाला, अगदी समाधानानं.

बाईंनी डोळे पुसले. "लिवलं हाये तसंच सांगतलं ना, ताई?"

"हो," मी म्हटलं.

नागपूरच्या एका मासिकाला मी कथा पाठवली ती कागदावरचीच. छापून आली. वडिलांनी मिलमध्ये सगळ्यांना दाखवली. बाईंना वाचता येत नाही. त्या अधूनमधून म्हणतात, तुमची ती गोष्ट सांगा, माह्या भावाची. मी दिवा लागेपर्यंत थांबते आणि त्याला घरी आणते. दर वेळी त्याला वेगळं काहीतरी जेवायला वाढते.